लग्न आधी, लंडन नंतर

प्रश्न : ताई, माझ्या दिरांच्या मुलाचं लग्न येत्या सप्टेंबरात इटलीत, फ्लॉरेन्सजवळ आहे, शनिवारी. एवढ्या लांब जातोच आहोत तर रोम, पॅरिस आणि लंडनही उरकून घ्यावं असं घरात चाललंय. रोमचं जाऊन-येऊन तिकीट स्वस्त दिसतंय. बेत असा : रोमला उतरून आधी पॅरिस, मग लंडन, लग्नाच्या आदल्या दिवशी फ्लॉरेन्स आणि शेवटी रोम बघून परत. सासूबाई बरोबर आहेत. वय 78, गुडघे दुखतात, पण नातवाच्या लग्नाला यायचंच म्हणतात. इटलीचा व्हिसा काढला की सगळीकडे चालेल ना? आणि लग्नाचे कपडे-दागिने कुठल्या बॅगेत ठेवावेत?

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पण तुमचा हा बेत उलटा करा. विमान पुढे ढकललं जाऊ शकतं, हॉटेल बदलता येतं. मुहूर्त तुमच्यासाठी थांबणार नाही. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतच असतात. पॅरिस हुकलं तर दोन दिवस हळहळाल, लग्न हुकलं तर दीर-जाऊबाई जन्मभर ऐकवतील. म्हणून रोमला उतरा आणि थेट फ्लॉरेन्स गाठा. वेगवान गाडीने साधारण दीड तासाचा रस्ता आहे. लग्नाआधी निदान दोन मोकळे दिवस हातात असू द्या.

आता व्हिसा. खरी मेख इथे आहे. इटलीचा व्हिसा शेंगेनचा असतो, म्हणजे एकच व्हिसा मानणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, त्यामुळे तो फ्रान्समध्येही चालतो. ब्रिटन मात्र शेंगेनमध्ये नाही. त्याचा वेगळा अर्ज, वेगळी फी. तुमच्या बेतात तुम्ही लंडनहून पुन्हा इटलीत येताय, म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला असेल तर लंडनच्या विमानतळावरच अडकाल, आणि तेही लग्नाच्या आदल्या दिवशी! त्यापेक्षा फ्लॉरेन्स, रोम, पॅरिस, लंडन असा क्रम ठेवा आणि लंडनहूनच घरी निघा. एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्यातून परतायचं, असं तिकीट मिळतं. विमान कंपनीच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ असा पर्याय असतो, तो बघा. थोडं महाग पडलं तरी रोमला परत येण्याचा खर्च आणि एक अख्खा दिवस वाचतो.

अर्ज इटलीकडेच करायचा, कारण लग्न तिथे आहे. रात्रीही तिथेच जास्त ठेवा. पॅरिसच्या रात्री वाढल्या की ‘मग फ्रान्सकडे का नाही गेलात?’ असं विचारलं जाऊ शकतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. कायद्याने निदान 15 दिवस आधी दिला तरी चालतो, पण त्यावर विसंबू नका. पासपोर्ट बहुधा जमा करावा लागतो, त्यामुळे इटली आणि ब्रिटन एकामागोमाग करावं लागेल. दोन्हींना पुरेल एवढा वेळ धरा. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा आणि शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा हवा. सासूबाईंचा आजच काढून बघा. घरातल्या मोठ्यांचे पासपोर्ट कपाटात पडून संपलेले असतात. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा लागतो. त्यांच्या जुन्या दुखण्यांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय, ते एजंटाच्या तोंडी न ऐकता स्वतः वाचा. पुतण्याच्या घरी उतरणार असाल तर त्याच्याकडून तसं पत्र घ्या, लग्नपत्रिका जोडाच.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर विमान कंपनीला निदान 48 तास आधी कळवून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. त्या ‘मला कशाला?’ म्हणतील. ऐकू नका, मोठ्या विमानतळावर चालणं फार होतं.

फिरण्याचे वार नीट लावा. रविवारी सगळे दमलेले असणार. सोमवारी फ्लॉरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालय बंद, मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादमियाही बंद. तेव्हा सोमवारी पोन्ते वेक्कियो पूल, नदीकाठ आणि कॅथेड्रल बाहेरून. कॅथेड्रलवरचा, ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा घुमट 1436 मध्ये पुरा झाला. वर चढायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. घरातल्या तरुणांनाच पाठवा, तिकीट आधी काढून. मंगळवारी उफिझी, मग रोम. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुधवारी सकाळी तिकडे जाऊ नका, पोपच्या दर्शनाला चौक भरलेला असतो. पॅरिसला लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. आणि फ्लॉरेन्समध्ये भाड्याची गाडी घेऊन जुन्या गावात शिरू नका. तिथे परवान्याशिवाय गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस नंतर येते.

दागिने, औषधं आणि लग्नातला निदान एक पूर्ण जोड हातातल्या बॅगेत. पूर्ण म्हणजे चपलांसकट. ब्लाउज एका बॅगेत आणि साडी दुसरीत, असं करू नका. मोठी बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार नोंदवा, तिचा कागद घ्या आणि गरजेपुरती खरेदी केलीत तर पावत्या जपा. बॅग हातात पडल्यापासून 21 दिवसांत लेखी दावा करता येतो. पॉवर बँकही हातातच, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

प्रश्न : लग्न परदेशात नणंदेच्या घरचं आहे. आमच्या आठ जणांच्या फिरण्याची सोय तिनेच करावी, असं मिस्टरांचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : नाही हो! ती लग्नघरची बाई आहे. तिला फक्त दोन गोष्टी विचारा : कुठल्या दिवशी कुठल्या कार्यक्रमाला यायचं, आणि त्या ठिकाणाजवळ राहायला कुठे बरं. बाकीची बुकिंगं मिस्टरांनी करावीत. परतीची तारीख तिला न विचारता ठरवा आणि आधीच कळवा, म्हणजे पाहुणे किती दिवस आहेत हे तिला विचारावं लागणार नाही.