तीन वर्षांची लक्झरी गाडी एक्सचेंजला देऊन नवी घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तीन वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या लोनवर घेतलेली जर्मन सेडान, दोन वर्षांचे हप्ते अजून बाकी. डीलर म्हणतोय जुनी आमच्याकडे द्या, वर एक्सचेंज बोनस देतो, नवी इलेक्ट्रिक घ्या, ईएमआय आत्तापेक्षा कमीच बसेल. पैसे तुमच्याकडे आहेत पण ते धंद्यात फिरवायचे म्हणून लोन. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की वॉरंटी संपली की ही गाडी डोक्याला ताप होणार, त्यापेक्षा आत्ताच काढलेली बरी.

माझं म्हणणं, आत्ता काढू नका. आता हे "गाडी म्हणजे नुसता खर्च" छापाचं भाषण नाहीये, तुम्हाला परवडतं, तुम्ही चांगली गाडी वापरा, त्यात मला काही वावगं वाटत नाही. अब्जाधीश लोक जुन्या गाड्या कसे वापरतात त्याचे किस्से खूप फिरतात, वॉलमार्टच्या सॅम वॉल्टनचा 1979 चा फोर्ड पिकअप वगैरे, पण खरं सांगू का, त्यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. उत्तर आकड्यांत आहे, तर ते बघू.

तुमची गाडी घेताना 100 ला पडली असं धरू (खरी रक्कम तुम्ही टाका, गणित तेच राहतं). तीन वर्षांनी डीलर 52 देतोय आणि बोनस 4, म्हणजे 56. लोन 80 चं असेल आणि व्याज 9 टक्के, तर आजघडीला साधारण 36 बाकी असणार. ते फेडून हातात उरले 20. नवी गाडी 115 ची धरली तर नवं लोन 95 चं. आता ते सात वर्षांचं केलं की ईएमआय दीडच्या आसपास येतो, तुम्ही सध्या 1.66 भरताय, म्हणजे डीलर खोटं बोलत नाहीये, हप्ता खरंच कमी होतो. फक्त त्या सात वर्षांत नुसतं व्याजच 33 जातं ते तो सांगत नाही, आणि तुम्ही विचारलंही नसेल, कारण पैसेवाली माणसं बहुतेक वेळा दोनच आकडे विचारतात, जुनीचे किती देणार आणि महिन्याला किती जाणार. डीलरला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो जुनीचा भाव चढवून सांगतो आणि नवीवरचा डिस्काउंट गुपचूप कमी करतो, ज्याचं त्याचं समाधान.

पुढचं बघा. तीन वर्षांनी परत बदलायची सवय आहेच, तेव्हा घसारा (म्हणजे वापरात गाडीची किंमत उतरते ती) आत्तासारखाच झाला तर नवी गाडी 64 ची असेल आणि लोन 61 बाकी. पदरात 3. आज 20 आहेत, पुढच्या वेळी 3, त्याच्या पुढच्या वेळी गाडीपेक्षा लोन मोठं. भारीतल्या गाडीत फिरणारा माणूस असा हळूहळू खड्ड्यात जातो आणि हप्ता तेवढाच असल्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. लक्झरी सेडानचा सगळ्यात मोठा घसारा पहिल्या तीन वर्षांत होतो, आणि तो तुम्ही भरून मोकळे झालात, 44 गेले, म्हणजे वर्षाला साधारण 15. पुढची तीन वर्षं गाडी 56 वरून 34 वर येईल असं धरलं तर वर्षाला सव्वासात, त्यात दुरुस्ती आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचे अडीच-पावणेतीन घाला, झाले 10. नवी घेतलीत तर घसारा वर्षाला 17 आणि जास्तीचे पैसे अडकले त्याचं व्याज साडेतीन-चार. म्हणजे वर्षाला 10 ते 11 चा फरक, तीन वर्षांत 30 च्या वर. महागाची वर्षं तुम्ही काढलीत आणि स्वस्त वर्षं दुसऱ्याला द्यायला निघालात, तीही डीलरच्या भावात! ती गाडी जो माणूस घेईल ना, तोच या व्यवहारातला हुशार गिऱ्हाईक.

वॉरंटीची भीती अगदीच खोटी नाही. एअर सस्पेन्शन, टर्बो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, एक काही गेलं की बिल बघून घाम फुटतो. पण कितीही वाईट वर्ष धरलं तरी ते बिल सहसा त्या 10-11 च्या पुढे जात नाही, आणि कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत घेतली तर बरीच काळजी मिटते. संपल्यावर घ्यायला गेलात तर तपासणी, अटी, वाढीव भाव. त्यामुळे ते काम आधी करा.

इलेक्ट्रिकबद्दल माझं मत जरा सावध आहे. चालवायला मस्त, वाद नाही. पण 2023 च्या सुरुवातीला टेस्लाने नव्या गाड्यांचे भाव एकदम उतरवले तेव्हा जुन्यांचे भावही कोसळले, आणि जानेवारी 2024 मध्ये हर्ट्झसारख्या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने 20,000 इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, घसारा हे त्यातलं एक मोठं कारण. वर मी नवीचा घसारा तुमच्या सेडानइतकाच धरलाय, म्हणजे इलेक्ट्रिकला झुकतं मापच दिलंय. घ्यायचीच असेल तर ठराविक मुदतीची लीज घ्या, म्हणजे विकत न घेता भाड्याने, तीन वर्षांनी किंमत काय राहील याची चिंता लीज कंपनीने करावी.

अजून एक सवय तुमच्या कोटेशनमध्ये दिसतेय, ऑप्शन्स. खास रंग, वेगळं लेदर, भारीतली साउंड सिस्टिम. फेरारीला गाड्या आणि सुट्या भागांतून जे उत्पन्न मिळतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा अशा पर्सनलायझेशनमधून येतो, यावरून कंपन्यांना यात किती रस आहे ते कळतं. फेरारी कमी संख्येने बनते, तिला गिऱ्हाईक थांबलेलं असतं. तुमच्या सेडानला तसं नाही, एक्सचेंजच्या वेळी डीलर मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर बघणार, तुमच्या लेदरला फारसं कोणी विचारणार नाही. हौस म्हणून घ्या पण तो खर्च त्याच दिवशी गेला असं समजा.

धंद्यात पैसे फिरवण्याचं म्हणाल तर लोन 9 टक्क्यांनी आणि धंदा टॅक्स जाऊन 15 मिळवून देत असेल तर लोन घेणं बरोबरच. पण त्याने गाडीचा घसारा कमी होत नाही, तो रोख घ्या नाहीतर लोनवर, तेवढाच होतो. हे दोन हिशोब एकत्र केले की कुठलीही गाडी परवडते असं वाटायला लागतं.

मग बदलायची कधी? मॉडेलचं चक्र बघून. मर्सिडीजच्या एस-क्लासचंच घ्या, 2013 ला एक पिढी आली, 2017 ला फेसलिफ्ट (त्याच मॉडेलचं थोडं रूप बदलणं), 2020 ला पुढची पिढी. नवी पिढी आली की आधीची नुकतीच शोरूममधून निघालेली असली तरी जुनी दिसायला लागते आणि भाव पडतो, त्यामुळे विकायची ती त्याच्या सहा-आठ महिने आधी, आणि घ्यायची ती नव्या पिढीची सुरुवातीची. तुमच्या मॉडेलची पुढची पिढी इतक्या जवळ आली असेल तर मात्र माझं वरचं गणित परत मांडावं लागेल, ते तारखेसकट कळवा.

आणि विकताना दोन व्यवहार वेगळे ठेवा. आधी जुनी न देता नवीचा शेवटचा भाव लेखी घ्या, मग जुनीसाठी दोन-तीन बाहेरचे भाव. बाहेर 58-60 मिळतील. अनोळखी लोकांना टेस्ट ड्राइव्ह देत बसायला तुम्हाला वेळ नसेल तर डीलरला दोन-चार कमी घेऊन द्या, त्यात काही चूक नाही, वेळेला किंमत असतेच. मात्र काही ठिकाणी टॅक्स फक्त नव्या-जुन्याच्या फरकावर लागतो, तिथे एक्सचेंज स्वस्त पडू शकतं, तेवढं सीएला विचारा.

तोवर दोन वर्षं हप्ते चालू ठेवा, ते संपले की तीच 1.66 ची रक्कम दर महिन्याला वेगळ्या डेट फंडात (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका. वर्षभरात व्याज न धरता 20 जमतील, आणि तेव्हा डीलरकडे जाताना गाडीवर एक पैशाचं लोन नसेल.