सोलापूरहून एका दिवसात जाऊन येता येईल, डोंगरातल्या डोहात पोहता येईल असं अभयारण्य कोणतं? तयारी काय करावी?

तुम्ही लिहिलंय की चौघं मोठी माणसं आणि दोन मुलं आहेत, एक ९ वर्षांचा, एक १२ वर्षांचा. पुढे जोडलंय, "सगळ्यांना विहिरीत पोहायला येतं, त्यामुळे ती काळजी नाही." या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. खरी काळजी तिथेच आहे.

आधी जागा सांगते. येडशीचं रामलिंग. येडशी रामलिंग घाट अभयारण्य धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. तुळजापूर, धाराशिव करत गेलं की सोलापूरहून साधारण ९० किलोमीटर. देऊळ खाली दरीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि पावसाळ्यात ओढा आणि धबधबा दोन्ही जोरात असतात. रावणाशी लढून जटायू इथेच पडला असं लोक मानतात, त्याची समाधीही दाखवतात. "सोलापूरकडे कुठले डोंगर, कुठलं पाणी" असं म्हणणाऱ्या माझ्या पुण्याच्या नातेवाइकांना मी ऑगस्टमध्ये तिथे नेलं होतं. त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

पण अभयारण्यातल्या पाण्यात पोहू नका. आत जंगलात फिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. चौकीवर विचारा, नाही म्हणाले तर नाही. बावीसएक चौरस किलोमीटरचं छोटं जंगल आहे. तिथलं पाणी आधी लांडग्या-कोल्ह्यांचं, मोरांचं. त्यात साबण, शाम्पूच्या पुड्या आणि आपला आरडाओरडा कशाला? सकाळी जंगल चाला, आणि पोहायला अभयारण्याबाहेरच्या ओढ्यांवरचे डोह बघा. बालाघाटात ते आहेत. गावात चहाच्या टपरीवर कुणा म्हाताऱ्याला विचारलं की कोणता डोह सोयीचा आणि कोणता बुडव्या, दोन्ही कळतं. आमच्या डोहाच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. मोबाइल घेऊन पन्नास गाड्या तिथे गेलेल्या मला बघवणार नाहीत.

आता त्या डोहाची गोष्ट. २०१६ साल. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, आठवत असेल. आमच्याकडेही टँकरच. आणि मग सप्टेंबरच्या शेवटी असा पाऊस लागला की ओढे-नाले सगळे वाहते झाले. दोन वर्षं पाणी न पाहिलेली माणसं नुसती वेडी झाली होती. आम्ही नऊ जण निघालो: मी, आमचे हे, धाकटे दीर, जाऊबाई, मुलं, आणि दिरांचे दोन मित्र.

माझं माहेर बार्शी तालुक्यातलं. वडिलांनी मला सातव्या वर्षी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं. पाच परस, म्हणजे पाच पुरुष खोल विहीर, आणि पंधरा दिवसांत मी डब्याशिवाय पोहत होते. गावात तेव्हा पोहणाऱ्या मुली आम्ही दोघीच होतो. हे सांगते कारण पुढे जे झालं त्यावर "बायकांना पाण्याची भीती" असा शेरा आला होता, आणि तो मला आजही टोचतो.

डोहावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. वाड्याच्या चौकाएवढा डोह, वरून दीड-दोन पुरुष उंचीचा धबधबा, पाणी हिरवं-काळं. मी सोबत दोर नेला होता. त्याला दगड बांधून चार ठिकाणी सोडून बघितला. मधे दोन परसांहून जास्त. पण डावीकडे, जिथून सगळे सूर मारायला उभे होते, तिथे पाण्याखाली खडकाची फळी होती, कमरेइतक्याच पाण्यात. वरून काही दिसत नव्हतं. मी सांगितलं तसे भाऊजी म्हणाले, "वहिनी, विहिरीत काय तुम्ही दगड सोडून मग उतरत होता का?" मी म्हटलं, विहीर आपल्या घरची असते, तिचा तळ उन्हाळ्यात आपण डोळ्यांनी बघितलेला असतो. हा डोह कुणी बघितलाय?

दुसरी गोष्ट मी बघून ठेवली ती खडकातली एक पांढरी रेघ. काळ्या दगडात अशा गारेच्या रेघा असतात. आम्ही आलो तेव्हा पाणी त्या रेघेच्या चार बोटं खाली होतं.

दीडच्या सुमाराला मुलं पाण्यात होती. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. आधी वाळकी पानं आणि बाभळीच्या शेंगा वाहत आल्या. मग काडीकचऱ्याचा फेस. रेघेकडे बघितलं तर पाणी रेघेला टेकलेलं, आणि डोहाच्या वरच्या तोंडाला रंग चहासारखा व्हायला लागलेला. मी आवाज दिला, सगळे बाहेर, आत्ता, आणि गाडीच्या काठाला. हे काठाचं मुद्दाम सांगितलं, कारण घाईत माणूस जवळच्या काठाला चढतो आणि मग ओढ्यापलीकडे अडकतो. मुलं निघाली. भाऊजी आणि त्यांचे मित्र "थांबा हो, पाच मिनिटं" करत शेवटी आले, तेही जाऊबाई ओरडल्यावर. पुतण्या तेव्हा ११ वर्षांचा, दोर धरून मीच त्याला वर घेतला. पंधरा मिनिटांत आम्ही जेवायला मांडलेली दगडी फरशी पाण्याखाली गेली. धपाट्यांचा डबा आणि जाऊबाईंची एक चप्पल गेली. पाणी उतरायला दीड तास लागला.

तेव्हापासून दर दिवाळीला फराळाच्या ताटावर भाऊजी सांगतात की वहिनींनी उगाच घाबरवलं, काही झालं तरी का? भाऊजी हे वाचणार आहेत, म्हणून इथेच लिहिते: काही झालं नाही, कारण सगळे बाहेर होते. आत असते तर आपण दिवाळीला ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

बालाघाटात हे असं का होतं ते समजून घ्या. उघडे उतार, वर विताभर मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी मुरायला जागाच नाही. पाऊस वरच्या पठारावर दोन कोसांवर पडतो आणि खाली डोहात ऊन असतं. त्यात आपल्या सोलापूरकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, तोही दुपारनंतर गडगडाटासह. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं माढा-मोहोळकडे काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय.

म्हणून विहिरीत पोहणाऱ्याला मी डोहात नवशिकाच धरते. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, पायऱ्या ठरलेल्या असतात. डोहात ओढ असते, कडेला शेवाळ असतं, खाली कपारी असतात आणि त्यात पाय अडकतो. धबधब्याच्या बरोबर खाली पांढऱ्या फेसात तर जाऊच नका. त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला उचलून धरत नाही, चांगला पोहणाराही तिथे खाली जातो. सूर नाही, मुटका नाही. काठावरून बसून, पाय आधी टाकून उतरायचं. तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला ट्यूब नको, ती अंगातून निसटते. लाइफ जॅकेट घाला, त्याला कितीही पोहायला येत असलं तरी. एक मोठा माणूस कायम काठावर, कोरडा, दोर हातात घेऊन. जेवणाच्या वेळी त्याला बदली द्या, पण काठ मोकळा ठेवू नका.

दिवस निवडायचा तर दसरा ते दिवाळी. पाऊस सरलेला असतो, पाणी निवळतं, तळ दिसायला लागतो. डिसेंबरपर्यंत बरेचसे ओढे आटतात. सोलापूर पाचला सोडा, उन्हाच्या आत चालणं होतं. दुपारी दोनला पाण्याबाहेर, मग आभाळ कसंही असो. जाताना तुळजापुरात मंगळवार टाळा. आणि कोजागरीच्या आसपास तर निघूच नका, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर लाखो माणसं पायी चालत असतात आणि गाड्या दुसरीकडून वळवतात. शिदोरीला धपाटे, शेंगाची चटणी, दही. आपले जाड टॉवेल नेऊ नका, भिजले की ओझं होतं आणि वाळत नाहीत. पंचे न्या.

एक राहिलंच. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या जंगलात कॅमेऱ्यात वाघ सापडला होता, थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. त्यानंतर बार्शीकडे जनावरं मारल्याच्या बातम्या बरेच दिवस येत होत्या. म्हणून चौकीवर विचारल्याशिवाय पायवाट सोडू नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. माकडांपासून पिशव्या सांभाळा. आणि नळदुर्ग वाटेत नाही, पण कुणी म्हणालं की नर-मादी धबधब्याखाली पोहू, तर ऐकू नका. तो बोरी नदीवरच्या बंधाऱ्याचा सांडवा आहे, किल्ल्यावरून बघावा आणि परत यावं.

आम्ही यंदा दसऱ्यानंतर पुन्हा त्याच डोहावर जाणार आहोत. पुतण्या आता कॉलेजात आहे. परवा त्याचा फोन आला, भाऊजी शेजारीच बसलेले होते, मागून आवाज येत होता. तो म्हणाला, "काकू, दोर तुमच्याकडेच आहे ना? की मी नवा आणू?"