वेगळी डिस्क नसताना डेस्कटॉपवर झेडएफएस (डेटा स्वतः तपासून दुरुस्त करणारी फाइल सिस्टिम) टेस्ट करता येईल का?

हो, आरामात येईल, दुसरी डिस्क किंवा पार्टिशन काहीच लागत नाही, साध्या फाइल्सनाच डिस्क समजून पूल (डिस्क एकत्र करून बनवलेली साठवणुकीची जागा) बनवता येतो. झेडएफएसच्या मॅन पेजमध्येच (कमांडच्या अधिकृत माहितीत) लिहिलंय की फाइलवरचा पूल मुख्यतः प्रयोगासाठी आहे, आणि तुम्हाला तेच तर करायचंय. ट्रंकेट कमांडने १ जीबीच्या दोन फाइल्स बनवा (किमान ६४ एमबी लागतात), मग झेडपूल क्रिएट कमांडमध्ये मिरर (दोन्हींवर तोच डेटा) म्हणून दोन्हींचा पूर्ण पाथ द्या, नुसतं नाव दिलं तर चालत नाही.

खरी मजा पुढे आहे, मुद्दाम डेटा खराब करून बघा:

- पूल बऱ्यापैकी भरा, नाहीतर घाव रिकाम्या जागेवर बसतो आणि काहीच दिसत नाही
- डीडी कमांडने (जी डेटा थेट हव्या त्या जागी लिहिते) त्या दोनपैकी एकाच फाइलच्या मधल्या भागात रँडम डेटा लिहा, नोट्रंक ऑप्शन विसरू नका नाहीतर फाइल तिथेच कापली जाते, आणि आउटपुट फाइलचं नाव दोनदा वाचा, चुकून खरी डिस्क दिलीत तर सगळं गेलं
- स्क्रब (पूलमधला सगळा डेटा तपासणं) चालवा, मग झेडपूल स्टेटसमध्ये चेकसमचा (डेटा बरोबर आहे का ते पडताळणाऱ्या आकड्याचा) कॉलम बघा

एरर मोजलेल्या दिसतील आणि डेटा दुसऱ्या फाइलवरून दुरुस्त झालेला असेल, झेडएफएस का वापरायची ते इथेच कळतं.

फक्त स्पीडचे आकडे यावरून काढू नका, कारण खाली तुमची आधीची फाइल सिस्टिम चालूच असते, वेग मोजायला खरी डिस्कच हवी.