कुडे दोन आहेत, नोंदही दोन हव्यात

मोखाड्याजवळच्या आपल्या गावातील वारली आजी हगवणीवर आणि आवेवर कुडा या झाडाची साल देतात, त्यांच्या माहितीची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातील झाडे, प्राणी आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची अधिकृत नोंद) व्हावी असा आपला प्रयत्न आहे आणि कार्यालय मात्र ‘तयार यादीतले नाव घ्या’ म्हणते, हे वाचून आमच्या ठाकरवाडीतला जुना ताप आठवला. समिती, ठराव, नमुने यांची माहिती आपल्याला असेलच, म्हणून ते सोडून देतो.

आमचे सर्वांत मोठे नुकसान त्या तयार यादीनेच केले. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर नोंदवह्या भरण्याची एकच घाई उडाली आणि आमच्याकडील कार्यालयाने (नाव घेत नाही) दुसऱ्याच गावाची यादी आमच्या माथी मारली. तीत नुसते ‘कुडा’ लिहिलेले होते. वाडीतले जाणकार पांढरा आणि काळा असे दोन कुडे मानतात. पांढऱ्याची साल आणि बी, म्हणजे इंद्रजव, कडूजहर असतात आणि त्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात. काळ्याच्या जोडशेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात, बी तितके कडू नसते आणि पानांतून निळा रंग निघतो. आवेवर साल चालते ती पांढऱ्याची, आणि बाजारात तिच्यात नेमकी काळ्याची भेसळ होते. दुरुस्तीचा अर्ज दिला, तर ‘शास्त्रीय नाव तज्ज्ञ ठरवतील’ असे उत्तर आले. ते तज्ज्ञ वाडीवर कधी फिरकलेच नाहीत, कुड्याच्या फुलांची भाजी खायलासुद्धा नाहीत!

माझे मत असे, आणि ते सर्वत्र लागू पडेलच असे नाही, की शास्त्रीय नावासाठी अडून बसू नये. आजी झाड कसे ओळखतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे आणि फुलोऱ्याची डहाळी रद्दीत दाबून, वाळवून सोबत जोडावी. पोटाच्या तक्रारींवर वापरल्या जाणाऱ्या मुरुडशेंगेची ओळख लिहिण्यात फार वेळ घालवू नका, तिची पिळदार शेंग लहान मूलही ओळखते. मात्रा आणि कृती लिहायची की नाही, हे केवळ आजींनीच ठरवावे. सालीची मागणी वाढली की लोक खोडाभोवतीची साल पूर्ण सोलतात आणि झाड वाळते, म्हणून ती एका बाजूनेच काढावी, हेही नोंदवहीत आले पाहिजे.

मी वैद्य नाही. शौचातून रक्त जात असेल, ताप असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर जलसंजीवनी सुरू करून थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सालीची चर्चा नंतर करता येते.

कार्यालयाने तरीही ऐकले नाही, तर दोन्ही कुड्यांची नावे आणि खुणा ग्रामसभेच्या इतिवृत्तात स्वतंत्रपणे लिहून घ्या, त्याची प्रत अर्जासोबत द्या आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका.