उद्यमनगरातली फाउंड्री, वाड्याचं चित्र आणि हातात येणारे पैसे

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे : शहरातली आमची वीस गुंठ्यांची फाउंड्री बारा वर्षांपासून बंद आहे, काम गोकुळ शिरगावला हलवलं. जुन्या जागेवर एक बिल्डर वाडा पद्धतीचा गृहसंकुल प्रकल्प करू म्हणतात. मधोमध चौक, दगडी जोतं, ओसरी, वर कौलं, तळमजला अधिक दोन मजले, एकूण चोवीस घरं. आम्हाला त्यातली दहा आणि वर साठ लाख रोख देणार. दुसरे एक गृहस्थ सरळ सहा कोटींना जागा विकत घ्यायला तयार आहेत. मी एकसष्ट वर्षांचा आहे. धाकटा भाऊ आणि बंगळुरूची बहीणही वारस. काय करावं?

नमस्कार. तुम्ही पाठवलेली बिल्डरची चित्रं मीही पाहिली, चौकातल्या तुळशीवृंदावनासकट. सुंदर आहेत. पण चौक, ओसरी, सागवान हा बिल्डरच्या विक्रीचा विषय झाला. तुमचा विषय आहे कधी किती हातात येणार, म्हणून आकडेच मांडतो.

दहा घरं, प्रत्येकी पंच्याऐंशी लाख (ही किंमत बिल्डरची, माझी नव्हे), म्हणजे साडेआठ कोटी. अधिक साठ लाख. एकूण नऊ कोटी दहा लाख. सहापुढे नऊ मोठे दिसतात. पण बांधकाम चार वर्षं चालणार, घरं विकायला आणखी वर्ष जाणार. जागेची २००१ ची किंमत (जुन्या जागेचा नफा काढताना वजा होते ती) साठ लाख धरली, तर १२.५ टक्के दराने, अधिभार आणि उपकरासह, दीर्घकालीन भांडवली नफ्यावर सव्वा कोटीच्या आसपास कर. रोख साठ लाख आजच मिळाले असं धरून, कर वजा जाता बाकीच्या पैशाची पाच वर्षांची वाट वर्षाला दहा टक्क्यांनी मोजली, की आजच्या भावात हाती पडतात साधारण पाच कोटी दहा लाख. सरळ विक्रीत सहा कोटींतून ऐंशी लाख कर गेला तरी पाच कोटी वीस लाख आजच बँकेत येतात. प्रकल्प एक वर्ष लांबला तर पहिला आकडा पावणेपाचच्याही खाली जातो. म्हणजे जोखीम तुमची आणि तिचा मोबदला शून्य.

आता ज्यावर सगळं अडेल ते. प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं? पत्रात तुम्ही एकदा ‘वडिलांची जागा’ लिहिता आणि एकदा ‘फर्मची’. हा फरक लाखांत जातो. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब मालक असेल आणि विकसन करारनामा (जागेच्या बदल्यात बांधलेली घरं घेण्याचा बिल्डरशी करार) नोंदणीकृत असेल, तर २०१७ च्या अर्थसंकल्पाने आणलेल्या तरतुदीनुसार भांडवली नफ्याचा कर बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो. भागीदारी फर्मला ही सवलत नाही. करार करून ताबा दिला त्याच वर्षी कर मागितला जाण्याची दाट शक्यता, तेही न बांधलेल्या घरांच्या किमतीवर. शिवाय शेडवर वर्षानुवर्षं घसारा (झिजेपोटीची करवजावट) घेतला असेल तर तेवढ्या भागाचा हिशेब वेगळा होतो. फर्मचे जुने ताळेबंद काढा.

सवलत मिळाली तरी दोन खाचखळगे आहेत. दाखला मिळाला, की दहाही घरं विकलेली नसली तरी मुद्रांक मूल्यावर (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं त्या किमतीवर) कर देय होतो. त्या वर्षी सव्वा कोटी आणणार कुठून? आणि कर भरायला म्हणून दाखल्याआधीच आपल्या हिश्श्यातलं घर विकलं, तर सवलतच जाते. बिल्डरचा माणूस हे सांगणार नाही.

कामगारांचं काय? जागा औद्योगिक विभागात असेल तर निवासी वापरासाठी कामगार आयुक्तांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. सगळ्यांची कायदेशीर देणी चुकती झाल्याचं दाखवावं लागतं. ग्रॅच्युइटीच्या पावत्या, हिशेब मिटवल्याच्या सह्या शोधून ठेवा. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनी इतकी वर्षं कशापायी गाजल्या ते आठवा. त्यात तुमची फाउंड्री. मोल्डिंगची जळकी काळी वाळू तिथे किती फूट भरावाला टाकली आहे, ते तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल. पाया खणताना ती उपसून लांब टाकायचा खर्च कोणाचा? करारात एक ओळ हवीच.

वाडा पद्धतीचा खरा आर्थिक मुद्दा वेगळाच आहे. दोनच मजले चढवले तर बराचसा एफएसआय (जागेवर बांधता येणाऱ्या क्षेत्राची मर्यादा) शिल्लक राहू शकतो. तो आणि पुढे मिळणारा टीडीआर (दुसरीकडून आणून वापरता येणारा जादा बांधकामाचा हक्क) कोणाचा, हे कराराच्या मसुद्यात कुठेच नाही. उद्या कौलांच्या जागी आणखी तीन मजले आले तर चौकाची विहीर होईल. आणि घरांत हिस्सा घेतलात की महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) तुम्हालाही प्रवर्तक, म्हणजे बिल्डरसारखंच जबाबदार, धरते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर घर घेणारा तुमच्याही दारात येईल. कोल्हापूरचा पाऊस आणि लाकूडकाम, जास्त लिहीत नाही.

माझं मत असं. दहा घरं घेऊ नका. तीन कोटी रोख आणि पाच घरं मागा. रोखीतली निदान निम्मी रक्कम ताबा देण्यापूर्वी, बाकीची बँक गॅरंटीवर. तिघा भावंडांना एकेक घर राहील, उरलेली दोन दाखल्यानंतर विकायला. करासाठी रोखीतले पैसे मुदत ठेवीत बाजूला. बिल्डर याला तयार नसेल तर सहा कोटी घ्या. ‘भाड्याने देऊ’ हा विचार सोडा, वर्षाचं घरभाडं किमतीच्या दोन-तीन टक्क्यांवर जात नाही आणि या वयात दहा भाडेकरू सांभाळायचे कशाला?

तुमच्या वतीने सगळे व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर मात्र घाईने सही नको. बहिणीची संमती लेखी घ्या, हक्कसोड वगैरे भानगडीत न पडता तिचा तिसरा हिस्सा तिला द्या. आणि सगळ्यात आधी नोंदणीकृत मूल्यांककाकडून १ एप्रिल २००१ ची किंमत काढून घ्या. जमिनीसाठी ती त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, त्यामुळे माझे साठ लाख वर-खाली होऊ शकतात. तो आकडा आला की हिशेब पुन्हा मांडू.