शाहिरांची पट्टी उतरली, आता ढोलकीचं काय करायचं?

या वेळच्या टपालात पोवाड्याच्या पार्ट्यांची पत्रं जास्त आहेत. शाहीर सत्तरीला टेकलेले, साथीदार त्याच गावचे आणि बहुतेक त्याच वयाचे, तीस-तीस वर्षं एकत्र वाजवलेलं. शाहीर स्वतः रचतात आणि स्वतः गातात, त्यामुळं वयानं त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, खाली आली तरी "दुसरा गायक घ्या" हे उत्तर इथं कामाचं नाही. बदलायचं ते गळ्याभोवतीचं सगळं.

आमचे शाहीर आयुष्यभर काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गायले. आता पांढरी चारच्या वर आवाज फाटतो. ढोलकी तेवढी उतरवली तर शाईची, म्हणजे काळा लेप असलेली, बाजू भद्द बोलते. पुडी (तोंडावरचं चामडं) गेली का? (ढोलकीवादक, कराड)

पुडी शाबूत आहे, ढोलकी चुकीच्या मापाची झाली आहे. पेटीवर मोजून पाहा: काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. तीन पायऱ्या उतरायच्या. ऐकायला थोडं वाटतं, पण स्वर हा ताणाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं चढतो-उतरतो. तीन पायऱ्यांसाठी पुडीवरचा ताण जवळपास 30 टक्के कमी करावा लागतो. एवढ्या सैल चामड्यावर बोट रुततं, काठावरचा बोल सुटत नाही आणि थाप मारली की स्वराऐवजी नुसता आवाज येतो. शिवाय सैल-घट्ट, सैल-घट्ट करत राहिलात तर शाईचे कण सुटायला लागतात. मग मात्र पुडी खरंच जाईल.

उपाय मोठ्या तोंडाच्या ढोलकीचा. ताण तोच ठेवून तीन पायऱ्या खाली यायचं तर तोंडाचा व्यास साधारण 19 टक्क्यांनी वाढला पाहिजे. समजा आताचं तोंड साडेचार इंची आहे, तर नवं सव्वापाच ते साडेपाच इंच होईल. कारागिराकडं मात्र इंच सांगत बसू नका. "पांढरी चारमध्ये मोकळी बोलली पाहिजे आणि पांढरी पाचपर्यंत चढली पाहिजे" एवढंच सांगा. शाईचा थर जाड द्यायचा की पातळ, हे तो त्यावरून ठरवतो. जाड शाईनं स्वर खाली येतो.

नवी ढोलकी येईपर्यंत कुणीतरी सुचवेल की जुनीच दोन पायऱ्या चढवून काळी पाचला, म्हणजे शाहिरांच्या मध्यमात लावा. तबलेवाले काही रागांत तसं करतात. पण पोवाड्याची चाल पंचमावर येऊन थांबली की तो मध्यम कानाला टोचत राहतो. त्यापेक्षा ओळखीच्या वादकाची मोठी ढोलकी चार कार्यक्रमांपुरती मागून घ्यावी. जुनी विकू नका. शाहिरांची नात गायला उभी राहील तेव्हा तीच लागेल.

आमच्या शाहिरांच्या उतरलेल्या पट्टीत तुणतुणं लावलं तर तार फरफरते. खुंटी घट्ट आहे. (सोलापूर)

खुंटीचा दोष नाही, तार बारीक पडते आहे. तुणतुण्याला एकच तार. तळाच्या चामड्याच्या मधोमध अडकलेली, पोकळ लाकडातून वर येऊन दांडीवरच्या खुंटीला गुंडाळलेली. ती सैल झाली की लाकडी तुकड्याच्या प्रत्येक फटक्याला स्वर आधी वर उडतो, मग खाली येतो. पेटीशेजारी हे लगेच उघडं पडतं.

28 गेजची तार असेल तर ती सुमारे 0.37 मिलिमीटर जाडीची असते. 26 गेजची घ्या, ती 0.45 भरते. तेवढ्या फरकानं जुना ताण ठेवून तीन पायऱ्या आणि वर थोडं खाली येता येतं. तार बदलताना चामड्याखालची चकती किंवा गाठीखालचं कातडं तपासा, कारण जाड तारेची गाठ चामडं कापत वर येते. नवी तार पहिले दोन दिवस उतरत राहते, म्हणून ती कार्यक्रमाच्या दिवशी बदलू नये.

आणखी एक. दुपारच्या उन्हात चामडं आवळतं आणि तुणतुणं चढतं, रात्री दव पडलं की उतरतं. अशा वेळी "सगळे ढोलकीला लावा" म्हणू नका, तीही चामड्याचीच आहे. स्वर पेटीचा धरायचा आणि दर दोन चौकांमागं (पोवाड्याच्या कडव्यांमागं) तुणतुणं तिच्याशी ताडून पाहायचं.

शाहीर शेवटच्या चौकात दम घेतात, शब्द गिळतात. झील (ओळीनंतरची "जी जी"ची साथ) आम्ही पूर्वीसारखीच देतो. कुठं चुकतं? (दोघे झीलकरी, बार्शी)

झील बहुधा चुकत नसावी, लय चुकते आहे. आधी तुमच्या ढोलकीवाल्यांशी बोला, पण गोडीत.

हिशेब असा. आठ मात्रांचा ताल, मिनिटाला 120 मात्रा. झीलकऱ्यांनी "जी जी जी" एक आवर्तन उचलून धरलं की शाहिरांना 4 सेकंद मिळतात. तेवढ्यात पोटभर श्वास होतो, पुढची ओळही आठवते. शेवटच्या चौकात लढाई रंगते, सवयीनं हात चढतो, लय 150 वर जाते. आता त्याच आवर्तनाला 3.2 सेकंद. चाळिशीच्या गळ्याला हे जाणवत नाही. सत्तरीच्या छातीला पाऊण सेकंदाची चोरी जाणवते, आणि ती प्रत्येक ओळीला होते. पाचव्या-सहाव्या ओळीला शब्द गिळला जातो, मग ऐकणारे म्हणतात शाहीर थकले.

जुना वादक इथं लय न वाढवता बोल वाढवतो. पायाची मात्रा 120 लाच, पण उजव्या हातानं दुप्पट बोल, आणि डाव्या हाताची घुमक फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि पाचव्या मात्रेवर. ऐकणाऱ्याला घोडे दौडल्यासारखं वाटतं, शाहिरांना मात्र तेवढाच वेळ मिळतो. तालमीत पायाशी मोबाईलवरचा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारा) ठेवून फक्त शेवटचा चौक दहा वेळा वाजवा. पहिल्या तीन वेळांत हात पळतोच, नवल नाही.

झीलकऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. शाहिरांच्या ओळीचं शेवटचं अक्षर संपायच्या आत झील उचलायची, म्हणजे त्यांना ते अक्षर ताणून धरावं लागत नाही. आणि जिथं वाक्य दोन ओळींत पसरलं आहे तिथं मधे झील घुसवायची नाही, अर्थ तुटतो. हे वहीत आधीच खुणा करून ठरवा. तार सप्तकातली आरोळी असेल तर एका झीलकऱ्यानं ती शाहिरांबरोबर उचलावी. शाहिरांनी सुरुवात करून द्यायची, वरचा स्वर झीलकऱ्यानं सांभाळायचा.

शाहीर अजून नवं रचत असतील तर त्यांनाही विनंती करा. लांब ओळ लिहिताना मधे दोन मात्रांची जागा सोडावी. चालीला धक्का लागत नाही.

पावसाळ्यात डफ बोलत नाही. शेकोटीवर धरला तर चालेल? (सांगली)

ज्वाळेवर नाही, निखाऱ्यावर. तळहात जिथं सुखानं टिकतो तेवढ्याच उंचीवर धरा आणि फिरवत राहा. आधी कडेनं, मग मध्यावर. मध्यच तापवला तर चामडं मधे आवळतं आणि कडेला खिळ्यांपाशी फाटतं. सारखा शेकावा लागत असेल तर फायबरचा डफ जोडीला ठेवा. तो फार टणटणतो, म्हणून आतून कडेला कापडी चिकटपट्टी लावायची.

शाहीर म्हणजे स्वतः लिहिणारा आणि गाणारा, असंच धरायचं का? (लातूर)

दोन्ही परंपरा आहेत. होनाजी-बाळा या जोडीत रचना होनाजीची आणि गळा बाळाचा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, तिथं लिहिणारेच गात होते. आणि 2023 मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेलं गीत शब्दांनी राजा बढे यांचं, चालीनं श्रीनिवास खळे यांचं, तरी महाराष्ट्राच्या कानात ते आहे शाहीर साबळे यांच्या आवाजात.

दुबईत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला फक्त शाहीर आणि त्यांचे ढोलकीवाले येणार आहेत. पेटी, तबला, झील इथलीच. काय तयारी ठेवावी?

शाहिरांची आजची पट्टी विचारा. जुन्या ध्वनिमुद्रणावरून काढू नका, ती दहा वर्षांपूर्वीची असते. त्या पट्टीत शाहिरांनी तुणतुण्यावर म्हटलेले दोन चौक मोबाईलवर मुद्रित करून मागवा, किमान पंधरा दिवस आधी. झीलकऱ्यांनी ते पाठ करावेत, वाचून झील देता येत नाही.

तबलेवाल्यांना सांगा की ढोलकी वाजत असताना तबला भरायचा नाही. गद्य कथनाखाली हलका ठेका आणि ढोलकी बदलण्याच्या वेळी आधार, इतकंच. दोघं एकाच वेळी बोल टाकायला लागले की शब्द बुडतात. वातानुकूलित सभागृहात हवा कोरडी असते, चामडं चढतं. ढोलकी तासभर आधी मंचावर उघडी ठेवा आणि मगच लावा. विमानात देताना तिचा ताण थोडा उतरवून, दोन्ही तोंडांवर पुठ्ठ्याच्या चकत्या बांधाव्यात.

माइक चार पुरेत: शाहीर, पेटी, ढोलकी आणि दोन झीलकऱ्यांत मिळून एक. तुणतुणेवाले झीलकऱ्यांशेजारी उभे राहतील तर त्यांना वेगळा नको. पण शाहिरांना तुणतुणं ऐकू आलंच पाहिजे, म्हणून ते त्यांच्या पाठीमागं नको, बाजूला दोन हातांवर. मंचावरच्या मॉनिटर स्पीकरचा आवाज वाढवून हे साधत नाही, शिट्टी वाजते.

बिदागीचे वाटे कसे करावेत? तुणतुणेवाल्यांना अर्धा वाटा देण्याची आमच्याकडं पद्धत आहे. (सातारा)

आमच्या मते ती पद्धत मोडावी. तुणतुणं दोन तास एक क्षण थांबत नाही, आणि ते उतरलं तर सगळेच बेसूर.

नमुन्याचा हिशेब: बिदागी 15,000 रुपये, गाडी-जेवण 4,200, उरले 10,800. माणसं सहा. शाहिरांना गायनाचे दोन आणि रचनेचा एक असे तीन वाटे, ढोलकी आणि पेटीला दीड-दीड, तुणतुणं आणि दोन झीलकऱ्यांना एकेक. एकूण नऊ वाटे, वाटा 1,200 रुपयांचा. शाहिरांना 3,600, ढोलकी-पेटीला 1,800 प्रत्येकी, बाकी तिघांना 1,200.

रचनेचा वाटा वेगळा लिहून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. शब्दांवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. शाहीर घरी बसले आणि पार्टीनं त्यांचेच पोवाडे पुढं गायले, तरी तो एक वाटा त्यांच्या घरी पोचता करायचा. वहीत प्रत्येक पोवाड्याखाली रचनेचं वर्ष आणि शाहिरांची सही आजच घेऊन ठेवा, आणि चाल ढोलकीवाल्यांनी बांधली असेल तर तिथं त्यांचीही.