मल्ल साकुराबा

प्रश्न : नाशिकच्या तालमीत कुस्ती शिकणारा माझा मुलगा मिश्र मार्शल आर्ट्समधील जपानी लढवय्या काझुशी साकुराबाचे नाव सतत घेतो. त्याचे थोरपण कशात आहे? – एक पालक, पंचवटी

उत्तर : व्यावसायिक कुस्तीतून आलेल्या साकुराबाने १९९७ मध्ये यूएफसी या अमेरिकी मिश्र मार्शल आर्ट्स संस्थेची जपानमध्ये झालेली हेवीवेट स्पर्धा जिंकली. जिउजित्सूत (जमिनीवर पकडी व सांधेमोड डावांनी लढण्याच्या कलेत) जवळजवळ अजिंक्य मानल्या गेलेल्या ब्राझीलच्या ग्रेसी घराण्यातील रॉयलर, रॉइस, रेन्झो आणि रायन या चौघांना त्याने १९९९-२००० या दोन वर्षांत हरवले. रॉइसशी १ मे २००० रोजी टोकियोत झालेली लढत तब्बल ९० मिनिटे चालली, आणि आम्हांला त्याहूनही मोठे वाटते ते हे की, त्याच रात्री तो कितीतरी वजनदार लढवय्या इगोर वोव्हचांचिनसमोर पुन्हा उभा राहिला. ती लढत तो हरला. पुढे ब्राझीलच्या वांडरलेई सिल्व्हाने त्याला तीनदा हरवले. तालमीतल्या मुलाने त्याचा चपळ एकेरी पट (प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याचा डाव) मात्र अवश्य अभ्यासावा.